३-वूडनं बॉल उडतच नाही? मग सोपा फेअरवे वूड कसा निवडायचा ते वाचा

७ एप्रिल १९३५. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा. आज आपण जिला 'मास्टर्स' म्हणतो, त्या गोल्फ स्पर्धेचं ते दुसरंच वर्ष होतं.

जीन सॅराझेन नावाचा खेळाडू शेवटच्या दिवशी पंधराव्या होलवर उभा होता. पुढे असलेल्या क्रेग वूडपेक्षा तीन फटके मागे. बॉल होलपासून साधारण २३५ यार्डांवर, म्हणजे जवळपास २१५ मीटरवर. मध्ये पाणी. आणि बॉल गवतात जरा खाली बसलेला.

एवढं अंतर असलं की हात आपोआप मोठ्या स्टिककडे जातो. सॅराझेनच्या मनातही आधी ३-वूड आला होता. पण बॉल जिथं पडला होता तिथून ३-वूडनं तो पुरेसा वर उचलला जाणार नाही, हे त्यानं ओळखलं. त्यानं ४-वूड काढला.

बॉल उडाला, पाण्यापलीकडे पडला आणि घरंगळत थेट होलमध्ये गेला. पाच फटक्यांचा होल दोन फटक्यांत संपला. याला गोल्फमध्ये अल्बाट्रॉस म्हणतात. तीन फटक्यांची पिछाडी एका झटक्यात भरून निघाली, दुसऱ्या दिवशी प्लेऑफ झाला आणि सॅराझेन जिंकला.

लोकांना तो फटका आठवतो. पण आपल्या कामाचा आहे तो त्याच्या आधीचा निर्णय. त्या काळातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकानं अवघड स्टिक बॅगेत ठेवली आणि त्यापेक्षा सोपी स्टिक बाहेर काढली.

आपण नेमकं उलटं करतो.

ऑफिसच्या ग्रुपबरोबर ड्रायव्हिंग रेंजवर जायला लागलेला पुण्यातला इंजिनियर असो, रिटायर झाल्यावर गोल्फ शिकणारे काका असोत, की अमेरिकेत गेल्यावर शेजाऱ्याच्या नादानं सेट घेतलेली आपली मराठी मंडळी असोत. बॅगेत ३-वूड असतोच. आणि दहापैकी सात वेळा त्या ३-वूडनं मारलेला बॉल गवतावरून सरपटत जातो.

मग माणूस म्हणतो, "आपल्याला हे जमणार नाही."

खरं तर बऱ्याचदा जमत नसते ती स्टिक. म्हणूनच पुढचा फेअरवे वूड घेताना काय बघायचं, हे आज समजून घेऊ. कारण नामांकित कंपनीचा नवा फेअरवे वूड भारतात सहज २०-३० हजारांच्या घरात जातो. एवढे पैसे घालून आपलाच आत्मविश्वास घालवण्यात काही अर्थ नाही.

आधी चार शब्द समजून घेऊ

गोल्फच्या काठीला 'क्लब' म्हणतात. पण क्लब म्हटलं की आपल्याला मैदान आणि कँटीन आठवतं, म्हणून या लेखात आपण स्टिक म्हणू. नियमानुसार एका खेळाडूला बॅगेत जास्तीत जास्त १४ स्टिक ठेवता येतात.

त्यातली सगळ्यात लांब स्टिक म्हणजे ड्रायव्हर. ती होलच्या सुरुवातीला वापरतात. तिथं बॉल जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर, म्हणजे 'टी'वर ठेवलेला असतो.

सुरुवातीच्या जागेपासून होलपर्यंत जो नीट कापलेल्या गवताचा पट्टा असतो, त्याला 'फेअरवे' म्हणतात. तिथून लांब मारण्यासाठी असते ती स्टिक म्हणजे फेअरवे वूड. डोकं ड्रायव्हरपेक्षा बरंच लहान, दांडा थोडा आखूड.

आता तुम्ही म्हणाल, ही स्टिक तर धातूची असते, मग 'वूड' कशी?

कारण पूर्वी तिचं डोकं खरोखर लाकडाचं असायचं. अमेरिकेतल्या पर्सिमन नावाच्या झाडाचं टणक लाकूड त्यासाठी वापरायचे. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. हो, तीच टेंभुर्णी, जिच्या पानांची विडी वळतात. १९७९ मध्ये गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड कंपनी सुरू करून धातूचं डोकं असलेला ड्रायव्हर बाजारात आणला आणि हळूहळू लाकूड मागे पडलं. नाव मात्र तसंच राहिलं.

आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे लॉफ्ट. स्टिकचा जो सपाट भाग बॉलला लागतो, तो मागे किती झुकलेला आहे, त्याचा कोन म्हणजे लॉफ्ट. तो अंशात मोजतात. लॉफ्ट जास्त असेल तर बॉल वर जातो, कमी असेल तर खालून जातो.

साधारण हिशोब असा:

- ड्रायव्हर: ९ ते १२ अंश
- ३-वूड: १५ अंशांच्या आसपास
- ५-वूड: १८ ते १९ अंश
- ७-वूड: २१ ते २२ अंश
- ९-वूड: २४ अंशांच्या आसपास

आकडा वाढतो तसा लॉफ्ट वाढतो आणि दांडा आखूड होत जातो. ३-वूड साधारण ४३ इंचांचा असतो, ७-वूड त्यापेक्षा इंचभर तरी आखूड.

३-वूड एवढा अवघड का?

ड्रायव्हरचा लॉफ्ट तर ३-वूडपेक्षाही कमी असतो. मग तो लागतो आणि ३-वूड का लागत नाही?

उत्तर सोपं आहे. ड्रायव्हर मारताना बॉल टीवर असतो, म्हणजे हवेत असतो. ३-वूड मारताना बॉल जमिनीवर असतो.

गोल्फ बॉलचा व्यास नियमानुसार किमान ४२.६७ मिलिमीटर असतो. म्हणजे बॉलचा मध्य जमिनीपासून फक्त २१ मिलिमीटरवर. पावणेदोन इंचांच्या बॉलखाली स्टिक नेमकी पोचवायची, तीही वेगात आणि एक मीटरपेक्षा लांब असलेल्या काठीनं. थोडं आधी टेकलं तर माती उडते. थोडं वर लागलं तर बॉलच्या डोक्यावर टप्पू बसतो आणि तो सरपटतो.

त्यात दांडा जितका लांब, तितकं स्टिकच्या मधोमध बॉल लागणं कठीण. कॅरम खेळताना आपण स्ट्रायकर बोटानं मारतो. समजा बोटाऐवजी फूटपट्टीनं मारायला सांगितलं, तर नेम चुकणारच. तसंच आहे हे.

तिसरं कारण दिशेचं. बॉल उडताना मागच्या बाजूला फिरत असतो. स्टिक थोडी वाकडी लागली की या फिरण्याचा आस कलतो आणि बॉल डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. लॉफ्ट जास्त असला की मागे फिरणं जास्त असतं, त्यामुळे तेवढ्याच चुकीला बॉल कमी वळतो. म्हणजे तुमची चूक तीच, पण ३-वूडवर ती झाडीत जाते आणि ७-वूडवर फेअरवेच्या कडेला राहते.

आणि शेवटचं कारण आपलं आपणच तयार करतो. ३-वूडचा चेहरा एवढा उभा दिसतो की "हा बॉल वर जाणार कसा?" असं वाटतं. मग आपण हातानं बॉल खालून उचलायला जातो. शरीराचं वजन मागच्या पायावर राहतं, स्टिक आधीच जमिनीला लागते किंवा वर येताना बॉलच्या डोक्यावर बसते. जास्त लॉफ्टची स्टिक बघितली की ही घाई आपोआप कमी होते.

पण मग अंतर कमी पडेल ना?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि इथंच बहुतेकांची फसगत होते.

बागेत झाडांना पाणी घालताना नळी जवळपास आडवी धरली तर पाणी पुढ्यातच पडतं. तोंड थोडं वर केलं की तेच पाणी लांबच्या कुंडीपर्यंत जातं. नळाचा जोर तोच, फक्त कोन बदलला.

गोल्फ बॉलचं तर त्याहून पुढचं आहे. मागे फिरणाऱ्या बॉलला हवा वर उचलते. बॉल जितका वेगात, तितका हा आधार जास्त. व्यावसायिक खेळाडूंच्या बॉलला एवढा वेग असतो की कमी लॉफ्ट असूनही तो हवेत टिकून राहतो. आपल्या बॉलला तेवढा वेग नसतो, त्यामुळे ३-वूडनं मारलेला बॉल वर चढायच्या आतच खाली यायला लागतो. त्याला कोनाची मदत लागते.

थोडे आकडे बघू. बॉलचा वेग आणि उंची मोजणारी ट्रॅकमॅन ही कंपनी व्यावसायिक खेळाडूंच्या सरासरी प्रसिद्ध करते. तिच्या अनेक वर्षं वापरात असलेल्या तक्त्यानुसार, अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे पुरुष खेळाडू ३-वूड ताशी साधारण १०७ मैल वेगानं फिरवतात आणि बॉल हवेतून २४३ यार्ड जातो. एलपीजीए टूरवरच्या महिला खेळाडूंचा वेग असतो ताशी ९० मैल आणि बॉल हवेतून जातो १९५ यार्ड. त्यांचाच ७-वूड जातो १७४ यार्ड.

म्हणजे रोज सराव करणाऱ्या, तंत्र पक्कं असलेल्या खेळाडूंच्या ३-वूड आणि ७-वूडमध्ये फरक आहे २१ यार्डांचा. वेग जसा कमी होत जातो, तसा हा फरक आणखी आकसतो. कमी वेगाच्या खेळाडूचा ५-वूड किंवा ७-वूड हवेतून ३-वूडइतकाच जातो, असं अनेकदा दिसतं. कधी तर जास्तच.

शिवाय हे सगळे आकडे नीट लागलेल्या फटक्यांचे आहेत. दहातले तीन फटके १८० यार्ड गेले आणि सात फटके ६० यार्ड सरपटले, तर तुमच्या ३-वूडचं खरं अंतर १८० नाही. सरासरी काढा, ती १०० च्या खाली येते.

तुमच्यासाठी कोणता आकडा?

स्टिक बसवून देणारे फिटर ढोबळमानानं असं सांगतात. ड्रायव्हर फिरवण्याचा तुमचा वेग ताशी ९० मैलांच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर जमिनीवरून ३-वूड मारणं त्रासाचं जातं. वेग मोजायची सोय नसेल, तर तुमचा ड्राइव्ह बघा. तो हवेतून २०० यार्डांच्या पुढं जात नसेल, तर तुम्ही याच गटात आहात. आणि यात लाजायचं कारण नाही, हौशी खेळाडूंपैकी खूप मोठा गट इथंच असतो.

मग निवड अशी करता येईल:

अगदी नवे असाल, वय जास्त असेल किंवा वेग कमी असेल: ७-वूड हा तुमचा पहिला फेअरवे वूड असू द्या. नंतर हवा तर ९-वूड घ्या.

थोडं खेळून झालंय, पण फटक्यात सातत्य नाही: ५-वूड घ्या. एकच फेअरवे वूड ठेवायचा असेल तर बहुतेकांना हाच पुरतो.

ड्राइव्ह हवेतून २२० यार्डांच्या पुढं जातो आणि जमिनीवरून बॉल नीट उचलला जातो: मग ३-वूडचा विचार करा. तरीही १५ अंशांऐवजी १६ ते १७ अंशांचा बघा. काही कंपन्या असा ३-वूड '३ एचएल' नावानं विकतात, काही ४-वूड म्हणतात.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टिकवर छापलेल्या आकड्याला कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही. एका कंपनीचा ५-वूड १८ अंशांचा असतो, दुसरीचा १९ चा. म्हणून दुकानात "५-वूड दाखवा" म्हणण्याऐवजी "हा किती अंशांचा आहे?" हे विचारा.

स्टिक हातात घेतल्यावर काय बघायचं?

१. चेहरा बुटका आहे का? फेअरवे वूडच्या चेहऱ्याची उंची कमी असेल तर जमिनीवरच्या बॉलला तो मधोमध लागतो. उंच चेहऱ्यावर तोच बॉल खालच्या भागाला लागतो आणि जोर वाया जातो. सोपी चाचणी करा. स्टिक जमिनीवर टेकवा आणि समोर बॉल ठेवा. डोक्याच्या वर बॉलचा थोडा भाग दिसला पाहिजे. १९९० च्या दशकात ॲडम्स गोल्फ या कंपनीचा 'टाइट लाइज' नावाचा बुटका फेअरवे वूड तुफान गाजला, तो याच कारणामुळे.

२. वजन खाली आहे का? डोक्याचं वजन जितकं तळाशी आणि मागे, तितका बॉल सहज वर जातो आणि बॉल कडेला लागला तरी स्टिक हातात कमी वळते. कंपनीच्या माहितीत 'लो सीजी' किंवा 'मॅक्स' असे शब्द दिसले, तर ते मॉडेल साधारण याच प्रकारातलं असतं. 'टूर' किंवा 'एलएस' लिहिलेलं मॉडेल मात्र वेगवान खेळाडूंसाठी असतं. दिसायला देखणं असलं तरी नव्या माणसानं त्यापासून लांब राहावं.

३. तळ कसा आहे? तळाला थोडा गोलवा असेल किंवा रुळासारख्या उभ्या पट्ट्या असतील, तर स्टिक गवतात अडकत नाही, सरकते. कोब्रा कंपनीनं १९७० च्या दशकात 'बॅफलर' नावाच्या स्टिकमध्ये असे रूळ आणले आणि ती कल्पना आजही चालते.

४. दांडा तुमच्यासाठी आहे का? दांड्यावर 'एस' म्हणजे स्टिफ, 'आर' म्हणजे रेग्युलर, 'ए' म्हणजे सिनियर आणि 'एल' म्हणजे लेडीज असं लिहिलेलं असतं. या अक्षरांनाही कंपन्यांमध्ये समान प्रमाण नाही. पण कमी वेगाच्या माणसानं कडक आणि जड दांडा घेतला तर बॉल आणखीच खाली राहतो. पुरुष आहे म्हणून 'एस' घ्यायचा आणि बाई आहे म्हणून 'एल', असं काही नसतं. वेग बघून ठरवा.

५. लॉफ्ट बदलता येतो का? काही स्टिकचा लॉफ्ट किल्लीनं एक-दोन अंश कमीजास्त करता येतो. लॉफ्ट वाढवला की चेहरा थोडा डावीकडे बंद होतो. उजव्या हातानं खेळणाऱ्यांपैकी ज्यांचा बॉल सारखा उजवीकडे जातो, त्यांना याचा फायदा होतो. ही सोय नसली तरी बिघडत नाही. ती असलेल्या स्टिकसाठी जास्त पैसे मोजण्याआधी दोनदा विचार करा.

हायब्रिड घेऊ का त्याऐवजी?

हायब्रिड म्हणजे वूड आणि लोखंडी स्टिक म्हणजे आयर्न यांच्या मधला प्रकार. दांडा आखूड, डोकं लहान. बॉल उंच गवतात असेल तर हायब्रिड जास्त कामाचा, कारण लहान डोकं गवतातून सहज पार होतं. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगनं शेवटच्या होलवर हायब्रिडनं मारलेला फटका ग्रीनवर पोचला आणि त्यानं टायगर वूड्सला मागे टाकून स्पर्धा जिंकली.

पण बॉल फेअरवेवर नीट बसलेला असेल, तर तेवढ्याच लॉफ्टचा फेअरवे वूड बॉल जास्त उंच नेतो आणि ग्रीनवर पडल्यावर बॉल लवकर थांबतो. तुमचे फटके जास्त करून कुठून असतात, हे आठवा आणि ठरवा. आयर्नसारखं खाली मारायची सवय असेल तर हायब्रिड, झाडू मारल्यासारखं सपाट फिरवायची सवय असेल तर फेअरवे वूड.

दुकानात फसू नका

दुकानात किंवा रेंजवर स्टिक ट्राय करताना बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या गवताची मॅट असते. या मॅटवर स्टिक बॉलच्या आधी टेकली तरी घसरत पुढं जाते आणि फटका चांगलाच लागल्यासारखा वाटतो. खऱ्या मातीवर तीच स्टिक रुतते. म्हणून शक्य असेल तर खऱ्या गवतावर मारून बघा.

आणि हे चार नियम पाळा:

- बॉल जमिनीवर ठेवूनच मारा. टीवर ठेवून सगळेच वूड छान लागतात.
- दहा फटके मारा. सगळ्यात लांब गेलेला फटका विसरा, सगळ्यात वाईट तीन फटके बघा. ज्या स्टिकचे वाईट फटके कमी वाईट, ती स्टिक तुमची.
- बॉल हवेतून किती गेला ते विचारा. घरंगळून किती गेला हे मोजू नका.
- ३, ५ आणि ७ असे तिन्ही वूड एकाच दिवशी मारून बघा. तुमच्या ३ आणि ५ च्या अंतरात १० यार्डांचाही फरक नसेल, तर ३-वूड घेण्यात काही हशील नाही.

कोर्सवर एक माणूस असतो ज्याला आपण हे विचारायला विसरतो. तो म्हणजे कॅडी. रोज शेकडो फटके बघणाऱ्या या माणसाला तुमच्या फटक्याची जात पहिल्या तीन होलमध्ये कळते. आपल्या देशात कॅडी म्हणून सुरुवात करून मोठे झालेले खेळाडूही आहेत. दिल्लीचे अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले, ते असेच. त्यामुळे "भाऊ, मी ३-वूड मारू की ५?" असं एकदा विचारून बघा.

आपल्याकडचं गवत आणि आपला पावसाळा

चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी असो, की येरवड्याचं पूना क्लबचं गोल्फ कोर्स, आपल्याकडे खेळताना दोन ऋतूंचा विचार करावा लागतो.

उष्ण प्रदेशातल्या कोर्सवर बर्म्युडा गवत भरपूर वापरतात. हे गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ती दाट असली की बॉल छान वर धरते. पण एप्रिल-मेमध्ये जिथं ती विरळ होते, तिथं बॉल जवळपास कोऱ्या मातीवर बसतो. अशा जागेवरून कमी लॉफ्टचा वूड मारणं म्हणजे सॅराझेनपुढं होता तसाच प्रश्न. उत्तरही तेच, एक आकडा वर जा.

पावसाळ्यात उलटं होतं. जमीन मऊ असल्यानं बॉल पडतो तिथंच थांबतो, घरंगळत नाही. ३-वूडचा बॉल खालून जाऊन पुढं पळतो, हा त्याचा एक फायदा, तोही पावसाळ्यात संपतो. जून ते सप्टेंबर हवेतून जाईल तेवढंच अंतर खरं.

"७-वूड म्हणजे म्हाताऱ्यांची स्टिक"

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यावर एकच उत्तर द्या, डस्टिन जॉन्सन.

सहा फूट चार इंच उंचीचा, लांबलचक ड्राइव्हसाठी ओळखला जाणारा हा अमेरिकन खेळाडू. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यानं मास्टर्स जिंकली, तीही २६८ फटक्यांत, स्पर्धेच्या इतिहासातल्या विक्रमी स्कोअरनं. त्या आठवड्यात त्याच्या बॅगेत २१ अंशांचा ७-वूड होता. त्याला अंतराची कमी नव्हती. लांबून मारलेला बॉल उंच जाऊन ग्रीनवर थांबावा, एवढंच त्याला हवं होतं.

आणि लांब मारता येत नाही म्हणून खेळ सोडायचा विचार करत असाल, तर आपली अदिती अशोक आठवा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिचे ड्राइव्ह पदकाच्या शर्यतीतल्या इतर खेळाडूंपेक्षा कितीतरी यार्ड मागे पडायचे. त्यामुळे ग्रीनवर पोचायला तिला त्यांच्यापेक्षा लांब स्टिक वापराव्या लागायच्या. तरीही ती चौथी आली आणि तिचं पदक अवघ्या एका फटक्यानं हुकलं. ताकद कमी असली तरी योग्य स्टिक आणि नेमकेपणा माणसाला कुठवर नेऊ शकतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आधीच ३-वूड घेऊन बसला असाल तर?

फेकून देऊ नका. तो टीवरून वापरा. अरुंद होलवर ड्रायव्हरची भीती वाटते तेव्हा बॉल अगदी बुटक्या टीवर, गवताच्या जेमतेम वर ठेवा आणि ३-वूड मारा. तिथं तो चांगली साथ देतो. जमिनीवरून मारायला ५ किंवा ७ घ्या.

मारताना एवढंच लक्षात ठेवा. बॉल उचलायचं काम स्टिकचं आहे, तुमचं नाही. पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा ३-वूड वर येताना मारत नाहीत. ट्रॅकमॅनच्या त्याच तक्त्यानुसार त्यांची स्टिक बॉलला लागताना सरासरी जवळपास ३ अंश खाली जात असते. बॉल छातीच्या मध्यापेक्षा थोडा पुढच्या पायाकडे ठेवा, गवतावर झाडू फिरवल्यासारखी स्टिक फिरवा आणि वजन पुढच्या पायावर जाऊ द्या.

नवा घेणं जमत नसेल तर वापरलेला घ्या. फेअरवे वूडमध्ये दरवर्षी क्रांती होत नाही. पाच-सात वर्षं जुन्या चांगल्या मॉडेलनं नव्या माणसाचं काही अडत नाही. फक्त चेहऱ्यावर तडा नाही ना, डोकं हलवल्यावर खडखड आवाज येत नाही ना, हे बघा. ऑनलाइन फारच स्वस्तात 'नवी' ब्रँडेड स्टिक मिळत असेल तर सावध राहा. गोल्फमध्ये बनावट मालाचा सुळसुळाट आहे.

थोडक्यात सांगायचं तर, फेअरवे वूड घेताना "कोणता सगळ्यात लांब जातो?" हा प्रश्न विचारू नका. "माझ्या हातातून, जमिनीवरून, दहापैकी जास्तीत जास्त वेळा कोणता उडतो?" हा विचारा. बहुतेकांसाठी त्याचं उत्तर ५ किंवा ७ असतं.

तुमच्या ग्रुपमध्ये ३-वूडवर चिडून बॅग आवरणारा कुणी मित्र असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा. आणि तुमच्या बॅगेत कोणता वूड आहे, तो दहापैकी किती वेळा उडतो, हे आम्हाला कमेंटमध्ये सांगा.